म्हशीसकट नकाशा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या गोठ्यात गाढ झोपले होते. म्हैस आपल्या जागी रवंथ करत उभी होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर सतरंजी टाकून, तोंडावर पांढरी टोपी ओढून एक उंच, काटकुळा माणूस खुशाल घोरत होता. मी शेणाचं घमेलं घेऊन आत शिरले आणि किंचाळणार, तेवढ्यात मागून माझे सासरे, म्हणजे नाना, दबक्या आवाजात म्हणाले, "गप, गप. प्लॅनवाले हायेत ते. त्यांचं काम चाललंय."

"हे काम चाललंय?"

"तसंच सांगून झोपल्यात."

मला हसावं की चिडावं ते कळेना. मी चिडले. तो माझा स्वभावच आहे. ज्या माणसाच्या हातात आमचं पुढचं सगळं होतं, त्यानं भर दुपारी आमच्या म्हशीशेजारी ताणून द्यावी म्हणजे काय!

सगळं म्हणजे काय, ते आधी सांगते. सोनईहून शेवगावकडे येताना आमचं गाव लागतं. माझा नवरा तेव्हा नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. गावी मी, आमची मुलगी आणि नाना. नवरा सुटीच्या दिवशी सकाळी यायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. मुलगी त्याला पाहुण्याला द्यावं तसं तांब्याभांडं आणून द्यायची, ते मला बघवायचं नाही. हे असंच चालू ठेवायचं नव्हतं. एक तर आम्ही दोघींनी नागापूरला त्याच्या एका खोलीत राहायला जायचं आणि नानांनी इथं एकट्यानं भाकरी थापायला शिकायचं, कारण नाना गाव सोडायला तयार नव्हते. नाही तर इथंच काहीतरी उभं करायचं आणि नवऱ्याला परत आणायचं.

मी लाकडी घाण्याचं काम शिकून आले होते. करडईचं तेल, शेंगदाण्याचं तेल. बँक कर्जाला तयार होती. जागाही होती. बैल विकल्यापासून रिकामा पडलेला आमचा दगडी गोठा, ज्यात आता एकटी म्हैस संस्थानिकासारखी राहत होती. अडलं होतं फक्त एका कागदावर. गुरांच्या गोठ्यात धंदा करायचा तर सरकारची बिगरशेती परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय बँक पैसे सोडणार नव्हती आणि वीजवाले मोठं कनेक्शन देणार नव्हते. परवानगीसाठी नकाशा लागतो. आणि नकाशासाठी हा घोरणारा माणूस.

उन्हं कलल्यावर ते उठले. तोंड धुतलं, सतरंजी झटकून घडी केली. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाले आणि भाकरीचा नुसता वरचा पापुद्रा आणि ठेचा मागितला. "खालची भाकरी म्हशीला द्या," म्हणाले. "तिनं मला जागा दिली." त्यानंतर त्यांनी खाल्लेल्या प्रत्येक पापुद्र्याखालची भाकरी मी म्हशीला दिली आहे. दोघंही त्या काळात चांगले सुधारले.

पापुद्रा खाऊन झाल्यावर त्यांनी भिंतीवर थाप मारली आणि नानांना म्हणाले, "गोठा ब्येस हाय. भिंती मनानं चांगल्या हायेत. पन ह्याला तोंड हाय, वाट न्हाई."

"हे झोपून कळलं?" मी खवचटपणे विचारलं.

"झोपूनच कळतं, ताई. मानूस जागा असला का घर त्याच्याम्होरं सजूनधजून बसतं. आपन झोपलो का मंग खरं वागाया लागतं. वारा कुठून येतो, पत्रा कुठं वाजतो, पाल कोनत्या कोपऱ्यात बोलती, समदं सांगतं. आज आख्खी दुपार मी हितं पडून हुतो. रोडवरनं गोठ्याकडं एक चाक आलं न्हाई, एक पाऊल वाजलं न्हाई. उद्या तेलाचा टेम्पो कुठनं आननार, आभाळातनं?"

नाना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. त्या माणसानं घोरता घोरता आमच्या घराचं नेमकं दुखणं काढलं होतं.

ते शेवगावला स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून बसायचे. आजही बसतात, पण डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून कामं मोजकी घेतात. आम्ही त्यांना प्लॅनवाले काका म्हणायचो. कुणी मिस्त्री म्हटलं की त्यांचा पारा चढायचा आणि कुणी इंजिनियर म्हटलं की त्याहून जास्त चढायचा. "इंजिनियर घर बांधतो, मिस्त्री घर लिंपतो. मी घर वळखतो," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते लपवून ठेवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

जुनी मोपेड होती त्यांची. नकाशाच्या गुंडाळ्या ते पाण्याच्या प्लास्टिक पाइपमध्ये घालून, दोन्ही तोंडांना झाकणं बसवून तो पाइप मोपेडला आडवा बांधायचे. त्यामुळे गावोगावी लोक त्यांना थांबवून पाइपलाइनचा भाव विचारायचे. सुरुवातीला ते चिडायचे, मग भाव सांगायला लागले. आमच्या शेजारच्या गावात एकानं त्यांच्या सांगण्यावरून ठिबकचा सगळा हिशोब मांडला होता म्हणे.

नकाशे हातानं काढायचे. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा दाखवला की त्याच्याकडे दुसऱ्याच्या सुनेनं केलेल्या पुरणपोळीकडे बघावं तसं बघायचे. कागद तयार झाला की झेरॉक्सवाला तो स्कॅन करून ऑनलाइन टाकायचा, आणि त्या वेळी काका दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे. खोडरबर त्यांच्या टेबलावर कधी दिसला नाही. "खोडरबर म्हंजी खोटं बोलायची सोय," असं ते म्हणायचे. रेघ चुकली तर अख्खा कागद बाजूला ठेवून नवा घ्यायचे. आणि जे डोळ्यांना दिसलं नाही ते काढायचं नाही, जे दिसलं ते सोडायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्या नेमापायी त्यांनी किती गिऱ्हाइकं घालवली, देव जाणे.

एका बागायतदाराला हायवेजवळचं जुनं घर लॉजसाठी बदलून घ्यायचं होतं. काका तिथं दुपारी झोपायला गेले आणि घटकाभरात सतरंजी काखेत मारून बाहेर आले. म्हणाले, "शेजारचं गाढव घडीघडीला वरडतंय. ते नकाशात दावू का?" बागायतदाराला ती चेष्टा वाटली. काकांना ती कधीच चेष्टा वाटत नसे. त्यांनी खरंच गाढव काढलं. बागायतदारानं दुसरा माणूस बघितला.

आमच्या नकाशात त्यांनी म्हैस काढली. नुसती खूण म्हणून नव्हे. शिंगं, कपाळावरचा पांढरा ठिपका, सगळं. गोठ्यामागचा लिंब काढला, उकिरडा काढला, आमची दोरीवरची धुणी काढली. तालुक्याच्या ऑफिसात मी त्यांच्यासोबत गेले होते. तिथले साहेब वयानं तरुण होते, चेहऱ्यावरून सकाळपासून चहा न मिळालेले वाटत होते. त्यांनी नकाशा पसरला आणि त्यावर वाकले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हैस," काका म्हणाले.

"ते दिसतंय. नकाशात का आहे?"

"गोठ्यात हाय म्हनून."

"काढून टाका ती."

"कुठं टाकू? तिला दुसरी जागा न्हाई अजून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. साहेब शांतपणे समजावून सांगू लागले, की काका, इथं तेलाचा घाणा होणार आहे ना, खाद्यतेलाच्या जागेत म्हैस दिसली तर मी परवानगी कशी देणार? काकांनी मान डोलावली. त्यांना पटलं असं मला वाटलं. ते म्हणाले, "बराबर हाय, सायेब. मंग दोन कागद करतो. एक, हाय तसा. त्यात म्हैस. दुसरा, व्हनार तसा. त्यात म्हैस न्हाई. तुमी पैल्याला हात लावू नका, दुसऱ्यावर शिक्का मारा."

नियमात तसं आधीपासूनच होतं. जुना वापर आणि नवा वापर वेगळा दाखवायचाच असतो. पण काकांनी ते असं सांगितलं की जणू आत्ता त्यांनीच शोधून काढलं. साहेब हसले. मला वाटतं त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच हसणं होतं. मग हसू आवरून त्यांनी नकाशावर एका जागी बोट ठेवलं आणि माझं हसू मावळलं.

"इथपर्यंत मुख्य रस्ता. इथं गोठा. मध्ये पोहोच रस्ता कुठं आहे? रस्ता नसेल तर म्हैस काढली काय आणि ठेवली काय, फाइल परत जाईल. शेजाऱ्याच्या बांधावरून वाट असेल तर नकाशावर त्याची सही आणा. महिनाअखेर पाहणीला येतो."

दुखणं ते हेच. मुख्य रस्त्यापासून आमच्या गोठ्यापर्यंत जुनी गाडीवाट होती. ती बापूंच्या अंगणासमोरून आणि निम्मी त्यांच्या बांधावरून यायची. बापू म्हणजे नानांचे चुलतभाऊ. दोघं एका ताटात जेवलेले, एका बैलजोडीवर दोघांची शेती केलेली. आणि बिघडलं कशावरून? माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून. पत्रिकेत भाऊबंदांची नावं ओळीनं छापतात, त्या ओळीत बापूंचं नाव राहून गेलं. नाना म्हणाले छापणाऱ्याची चूक. बापू म्हणाले छापणाऱ्याला माझं नाव काय स्वप्नात दिसणार होतं? ते लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पाणीही न घेता गेले. मी या घरात माप ओलांडून आले आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर बापूंनी बाभळीच्या फांद्यांचं हे एवढं उंच काटेरी कुंपण घातलं. तेव्हापासून आमची म्हैस मागच्या वावरातून वळसा घालून जाते आणि आम्हीही. दोघं भाऊ मारुतीच्या देवळात एकाच वेळी दर्शनाला जायचे आणि एकमेकांना न दिसल्यासारखे घंटा वाजवायचे.

माझ्यावरून घडलं असं कुणी मला कधी म्हणालं नाही. पण पत्रिका माझी होती ना. मला ते कुंपण रोज टोचायचं.

ऑफिसातून आल्यावर मी नानांना स्पष्टच म्हटलं, "नाना, बापूंकडे जाऊन एकदा बोला. नाही तर आम्हाला नागापूरची खोली बघावी लागेल."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पोरी, तू सांगशील ते करीन. भाकरी थापीन. पन त्याच्या दारात जानार न्हाई."

मी स्वतः बापूंकडे गेले. त्यांनी मला बसायला दिलं, चहा दिला, मुलीची चौकशी केली, आणि वाटेचं नाव काढताच म्हणाले, "सूनबाई, तुझ्यावर माझा राग न्हाई. पन ज्याला माझं नाव सापडत न्हाई, त्याला माझा बांध बी सापडू नये." मी चहा तसाच ठेवून आले. त्या रात्री मी नवऱ्याला फोनवर म्हटलं, खोलीचं बघून ठेव. म्हटलं आणि रडले.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना अर्धंच ऐकू आलं असावं, कारण ते म्हणाले, "बापूंचं घर बी काढावं लागंल नकाशात. लगतचं हाय."

"काका, घर नका काढू, वाट काढा वाट!"

"वाट मला दिसत न्हाई. घर दिसतंय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूला कुंपणाला लागून, लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले.

बापूंचं घर काढायला त्यांनी चांगले चार-पाच दिवस लावले. सकाळी यायचे, पेन्सिलीला ब्लेडनं टोक करायचे, फुंकर मारायचे, एक रेघ ओढायचे आणि मान वाकडी करून कुंपणावरून बघत बसायचे. बापूंच्या घरातून आधी कुत्रं बघायला आलं. मग बापूंची बायको. मग बापू काही ना काही निमित्त काढून अंगणात यायला लागले. कधी दोरी वळायची, कधी खुरपं शोधायचं. स्वतःच्या घराचं कुणीतरी चित्र काढतंय म्हटल्यावर कुणाला राहवेल? शेवटी एके दिवशी ते कुंपणापाशी आले आणि काट्यांमधून मान पुढे घालून बघू लागले. मी गोठ्याच्या दारात करडई पाखडत होते. आत नाना म्हशीला वैरण घालत होते.

"ह्ये काय काढलंय?" बापू गरजले. "ह्यो काय कोंबड्याचा खुराडा हाय?"

"तुमचं घर हाय," काका म्हणाले.

"माझं घर? माझा वटा कुठाय? घडीव दगडाचा वटा हाय माझा, गावात कुनाचा न्हाई तसला! आन पायऱ्या? म्होरचं तुळशीबिंदावन?"

"दिसत न्हाई."

"दिसत न्हाई म्हंजी? डोळं फुटलं का?"

"डोळं हायेत. कुंपन आडवं येतंय. मला हितनं निसतं पत्र्याचं वरलं टोक आन थोडी भिंत दिसती. तेवढंच काढलं. जे दिसत न्हाई ते मी काढत नसतो."

"आन ह्ये सरकारात जानार?"

"ह्येच जानार. तालुक्याला ऱ्हाईल कायमचं."

बापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या घडीव दगडाच्या ओट्याशिवाय, खुराड्यासारखं त्यांचं घर तालुक्याला कायमचं राहणार! ते म्हणाले, मी सांगतो तसं काढा. काका म्हणाले, सांगून काढत नाही. ते म्हणाले, मग माझ्या अंगणात येऊन काढा. काका म्हणाले, "नकाशा गोठ्याचा हाय. गोठ्यावरनं जसं दिसतं तसंच काढनार. तुमी दिसा, मी काढतो."

बापू तरातरा निघून गेले. संपलं, असं मी मनात म्हटलं. पण ते पहार घेऊन परत आले. त्यांनी एकट्यानं बाभळीची पहिली फांदी उपटली, मग दुसरी. काटे हाताला लागत होते, तोंडानं काका, सरकार, छापखाने सगळ्यांचा उद्धार चालला होता. "निसतं चित्र काढंपातूर काढतुया," ते पुन्हा पुन्हा बजावत होते. "चित्र झालं का परत लावनार." मी सूप खाली ठेवून मदतीला धावले तर मला हाकलून दिलं.

कुंपण बाजूला झालं आणि ओटा दिसला. खरंच सुंदर ओटा होता. मी इतकी वर्षं शेजारी राहून तो या बाजूनं कधी पाहिला नव्हता. काकांनी जुना कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि काढायला सुरुवात केली. बापू आता त्यांच्या खुर्चीमागेच येऊन उभे राहिले, म्हणजे आमच्या हद्दीत. पायऱ्या झाल्या, तुळशीवृंदावन झालं. बापू खूश होत चालले होते. मग अचानक म्हणाले, "वट्याम्होरनं गाडी वळायची ती जागा लई बारकी काढली तुमी. मोठी हाय ती. भरली गाडी एका दमात वळायची."

"कुठनं कुठं?" काकांनी विचारलं आणि कानावरची दुसरी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

बापूंनी पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरली. रोडपासून ओट्यासमोरून, बांधाच्या कडेनं, थेट आमच्या गोठ्याच्या दारापर्यंत त्यांनी एक जाडजूड वाकडी रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी. "अशी," ते म्हणाले.

"गाडी कुनाची हुती?"

"आमची. दोघांची एकच हुती." हे बोलले आणि पेन्सिल काकांना परत दिली. गोठ्यातला वैरणीचा आवाजही थांबला होता. मी नानांना बघायला मान वळवली नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते.

त्या शांततेचा म्हशीनं फायदा घेतला. दावं सुटलेलं असावं. ती गोठ्यातून निघाली, वर्षानुवर्षं बंद असलेल्या त्या वाटेवर लागली आणि जराही न चुकता बापूंच्या अंगणातल्या हौदावर जाऊन पाणी प्यायला लागली. काकांनी तीही नकाशात घेतली. तो नकाशा मग साहेबांना द्यायच्या आधी आणखी एकदा काढावा लागला.

मी नंतर काकांना एकदा विचारलं, की काका, तुम्ही बापूंना मुद्दाम चिडवलंत ना? तर ते खरोखरीच दुखावले. "मुद्दाम? मी? ताई, मला खरंच वटा दिसत नव्हता!" आजतागायत मला नक्की माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळायचं नाही.

कुंपण निघालं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. बापूंनी सही केली, पण करताना म्हणाले, "नकाशा खरा हाय म्हनून सही करतो. कुनासाठी करत न्हाई." आणि दोघं भाऊ एकमेकांशी बोलायला लागले, पण काकांमार्फत. काका मधे बसलेले, बापू एका बाजूला, नाना दुसऱ्या बाजूला, आणि बापू म्हणणार, "त्यांना सांगा, वाटंवरली बोर तोडू नका." नाना म्हणणार, "त्यांना सांगा, बोर मीच लावली हुती." मधले काका सोडले तर हातभर अंतरसुद्धा नव्हतं. काका इमानानं दोन्हीकडचा निरोप इकडून तिकडे पोचवायचे, शब्दही न बदलता, आणि मधूनच पापुद्रा मागायचे.

पाहणीला साहेब आले तेव्हा नाना इस्त्रीचं धोतर नेसून दारात उभे होते, पण सगळा ताबा बापूंनी घेतला. फेटा बांधून ते रोडपर्यंत साहेबांना आणायला गेले. "या, हितनं या. ट्रक बी वळंल, सायेब, बघा," म्हणत त्यांना वाटेवरून पुढे-मागे दोनदा चालवलं. ओटा दाखवला. नकाशातला ओटा आणि खरा ओटा ताडून बघायला लावलं. साहेबांना गोठा बघायचा होता, तो बापूंच्या तावडीतून सुटल्यावर त्यांनी उभ्या उभ्या बघितला. आत म्हैस नव्हती. तिला आदल्या दिवशीच बापूंच्या छपरात हलवलं होतं. ती कुणी कुणाला सांगून हलवली, हे मला अजून कळलेलं नाही. नाना म्हणतात मी नाही, बापू म्हणतात मी नाही.

परवानगीचा आदेश आला तेव्हा मी तो वाचताना उभीच राहिले. अमुक गटातील अस्तित्वातील इमारतीचा वापर, वगैरे. एवढ्या रुक्ष मराठीनं कुणाला इतका आनंद झाला नसेल. मी पहिला फोन नवऱ्याला केला आणि म्हटलं, खोली सोड. तो त्याच आठवड्यात आला, घाण्याच्या लाकडी उखळासोबत एकाच टेम्पोतून, टेम्पोच्या मागे आपल्या खाटेवर बसून. टेम्पो बापूंच्या ओट्यासमोर एका दमात वळला. बापू ओट्यावर बसून बघत होते आणि ड्रायव्हरला हातानं खुणा करत होते, ज्यांची त्याला काही गरज नव्हती.

घाणा सुरू झाला त्या दिवशी काकांना मी आठवणीनं बोलावलं होतं. ते आले, पाइप बांधलेल्या मोपेडवरून, वाटेत दोघातिघांना पाइपचे भाव सांगून. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. घाण्याच्या भोवती फिरून, भिंतींना थापा मारून बघत होते. पहिलं तेल निघालं. आमच्याकडे पहिल्या तेलाची वाटी मारुतीच्या दिव्याला जाते. ती नवरा घेऊन गेला. दुसरं तेल मी पितळी तांब्यात भरलं आणि कुणाला द्यायचं ते न बोलता नानांपुढे धरलं.

नानांनी तांब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणतील, पोरी, तू जा. पण त्यांनी टोपी नीट केली, तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि बाहेर पडले. आम्ही सगळे दारात येऊन उभे राहिलो. समोर ती वाट, पलीकडे ओटा, ओट्यावर बापू. बापूंनी नानांना येताना बघितलं आणि ते उठून उभे राहिले, तिथंच, पायरीपाशी.

नाना चालत होते, पण वाटेच्या अगदी कडेनं, बांधाला धरून, कुणाच्या पिकात पाय पडू नये तसे. दर पावलाला तेल हिंदकळत होतं. मला वाटलं, आता परत फिरतात की काय. तेवढ्यात माझ्या मागून काका ओरडले, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे:

"अवं नाना! एवढी रुंद वाट काढून दिली, सरकारनं शिक्का मारला, आन कडंकडंनं काय चालताय चोरावानी? मधनं चाला, मधनं!"

बापू मोठ्यानं हसले. नाना थबकले, मागे वळून त्यांनी काकांना एक अस्सल शिवी हासडली, आणि मग वाटेच्या मधोमध आले.